ब्रेकची तपासणी केव्हा करावी?

हुलसूर व आसपासच्या गावांतील सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याची पोती आज बहुधा पिकअपमधूनच बाजारास जातात. कोणी भालकी गाठतो, कोणी बसवकल्याण, तर कोणी सीमा ओलांडून थेट लातूरच्या आडतीपर्यंत जातो. अशी गाडी घेताना घरात पुष्कळ विचार होतो. ती माल किती ओढते, डिझेल किती पिते, हप्ता किती बसतो, हे सारे विचारले जाते. ती थांबते कशी, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आज आम्ही वाचकांचे लक्ष त्या प्रश्नाकडे वेधू इच्छितो.

ब्रेक आवाज करू लागला की मेकॅनिककडे जावयाचे, अशी कित्येकांची रीत आहे. ही रीत धोक्याची आहे. ब्रेकचे काम धावत्या गाडीची गती उष्णतेत घालविण्याचे. ताशी ३० किलोमीटरऐवजी ६० किलोमीटर वेग असला, तर ब्रेकवरील काम दुप्पट नव्हे, चौपट होते. त्यात दीड टन पोती लादलेली असली म्हणजे काय होत असेल, हे सांगावयास नको. म्हणून रिकामी फिरणारी गाडी व भरून धावणारी गाडी यांना एकच माप लावता येत नाही.

गाडीसोबत मिळालेली पुस्तिका हा पहिला आधार. तथापि, सामान्यतः दर १०,००० किलोमीटरला अथवा वर्षातून एकदा, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, चारही चाके उघडून पाहावीत. भारवाहू गाडीस याच्या निम्मे अंतर धरणे शहाणपणाचे. पुढच्या पॅडचा थर ३ मिलिमीटरवर आला की तो बदलावा. मागच्या ड्रममध्ये आपल्या काळ्या जमिनीची माती व लायनरची पूड साचते. ती काढून घ्यावी. ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढल्यावर थोडे अंतर हळू चालवून पेडल हलकेच दाबीत राहावे, म्हणजे ओले लायनर वाळतात.

ब्रेक ऑईलकडे तर फारच दुर्लक्ष होते. हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते, गाडी उभी असली तरीही. डॉट-३ जातीचे कोरे तेल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पुरेसे पाणी शोषल्यावर तेच १४० अंशांच्या आसपास उकळू शकते. उकळले की नळीत वाफ धरते, आणि पाय दाबला तरी पेडल नुसते खाली जाते. यास्तव साधारण दोन वर्षांनी तेल बदलावे, मग गाडी कितीही कमी धावलेली असो.

आता हायब्रीड गाड्यांविषयी. १९९७ साली जपानात टोयोटाची प्रियस आली. भारतात २०२२ साली ग्रँड व्हिटारा व हायरायडर आल्या. अमेरिकेत फोर्डची मॅव्हरिक ही पिकअपही हायब्रीड मिळते. अशा गाडीत पेडल दाबताच विजेची मोटर उलट जनित्रासारखी चालते, वेग कमी होतो आणि वीज बॅटरीत जाते. पॅडना काम कमी पडते, म्हणून ते पुष्कळ टिकतात. मग तपासणी कशाला, असे मालकास वाटते. परंतु पडून असलेल्या विळ्यास गंज चढतो, तशीच येथेही गत होते. डिस्क गंजते, पॅड सरकविणाऱ्या पिना जाम होतात, आणि एका बाजूचा पॅड झिजून दुसरा कोराच राहतो. अचानक जोराने थांबावयाचे आले, तर भिस्त शेवटी याच पॅडांवर असते. म्हणून हायब्रीडचे पॅड जाड दिसले तरी वर्षातून एकदा पिना साफ करून त्यांना ग्रीस लावून घ्यावे. आणि हे काम त्या गाडीची माहिती असलेल्या मेकॅनिककडूनच करवावे, कारण तिच्या ब्रेकमध्ये विजेची यंत्रणा असते.

हे सारे लक्षात ठेवण्यास आमच्या मते शेतकऱ्यास एक सोपा मार्ग आहे. मृग लागण्यापूर्वी एकदा आणि सोयाबीनच्या राशीपूर्वी एकदा गाडी दाखवावी. पहिली खेप पावसासाठी, दुसरी भारासाठी. बी-बियाण्याच्या खर्चात ही रक्कमही धरून ठेवावी, म्हणजे ऐन वेळी ती पुढे ढकलली जात नाही.

मालाच्या गाडीत पुष्कळदा मजूर बसतात, लग्नाचे वऱ्हाडही बसते. त्यांना बसविणे कायद्यास धरून नाही आणि सुरक्षितही नाही, ते टाळावेच. पण गाडी केवळ पोत्यांनी भरलेली असली, तरी समोरून सायकलवर शाळेस जाणारे मूल येत असतेच. त्या मुलाने आपल्या गाडीचा ब्रेक कधी पाहिलेला नसतो. तो पाहण्याचे काम आपले आहे.