सुई टोचली तरी बाळ रडत नाही?

"पोरगं धीट आहे!" असं कौतुक आपण सहज करतो. पण काही मुलांना जन्मतःच वेदना कळत नाहीत. आजार आनुवंशिक, फार दुर्मिळ. दात आले की ही मुलं स्वतःचीच जीभ, बोटं चावतात. मोडल्या पायावर चालतात, सांधे कायमचे बिघडतात. एका प्रकारात घामही येत नाही. जळगाव-धुळ्याच्या ४५ अंशांच्या उन्हात मग ताप जिवावर बेततो. आणि बोल आईलाच: "लक्ष नाही पोराकडे!"

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून अंगणवाड्या तपासतात. माझं म्हणणं एवढंच, त्यांनी आईला एक प्रश्न विचारावा: टोचल्यावर बाळ रडतं का? "नाही" म्हटलं तर पुढची तपासणी झालीच पाहिजे. आजार बरा होत नाही. पण वेळेत कळला तर रोज अंग तपासून, उन्हात अंग ओलं ठेवून लेकरू जपता येतं.