दुधाचे दात आणि आपली अनास्था

‘दुधाचेच दात, आज ना उद्या पडायचेच’ असे म्हणून आपण असंख्य बालकांच्या वेदनेची वासलात लावीत आलो आहोत. भारतीय दंत परिषदेच्या २००२-०३ सालच्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या मुलांपैकी सुमारे निम्म्या मुलांचे दात किडलेले आढळले. कीड सधन घरातही लागते. परंतु तेथे उपचार होतात, गरिबाघरी दुखणे सोसावे लागते.

हे दात खरोखरच इतके अल्पजीवी आहेत काय? दुधाच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत टिकतात आणि कायमच्या दातांसाठी जागा राखून ठेवतात. त्या ठणकू लागल्या की मूल धड जेवत नाही, झोपत नाही. बाळसे धरण्याच्या वयातच त्याच्या पोषणात खंड पडतो.

याचा दोष मातांच्या अज्ञानावर ढकलणे सोपे आहे. पण पहाटे कामावर निघणाऱ्या मजूर स्त्रीला गोड चहा आणि पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा हीच मुलाची सोयीची न्याहारी वाटली, तर नवल ते काय? तोंडातील जंतू या साखरेपासून आम्ल बनवितात आणि दातांचे पातळ आवरण विरघळू लागते. पुढे दुखणे बळावल्यावर दूरचे रुग्णालय गाठावे, तर दिवसाची मजुरी बुडते.

शासनाने काहीच केले नाही, असे नाही. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी खेडोपाडी नेली. २०१३ साली पालघर येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी अपेक्षित असून तीत दातांचाही समावेश आहे. परंतु तपासणी म्हणजे उपचार नव्हे. कीड नोंदवहीत चढली, तरी ती मुलाच्या दाढेतून उतरत नाही.

उपाय महागडे नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट आणि सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड यांना आवश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. हे दुसरे द्रावण दात न कोरता कीड थोपवू शकते; किडलेला भाग काळा पडतो, इतकेच. तपासणी पथकासोबत ते देणारा दंतवैद्य अंगणवाडीत का येऊ नये? आहाराबरोबर ब्रश आणि वाटाण्याएवढी टूथपेस्ट मुलांना का मिळू नये? मात्र सेविकेवर विनामोबदला आणखी एक काम लादून हे साधणार नाही. त्यासाठी स्वतंत्र तरतूद हवी.

पूरक आहारावर आपण खर्च करतो, तो योग्यच आहे. पण भूक असूनही ज्याला घास चावता येत नाही, त्या मुलाच्या ताटात वाढलेले अन्न त्याच्या अंगी कसे लागणार?