गाणगापूरची वाट आणि सहा महिन्यांची मुदत

गोमंतकातील भाविकांना गाणगापूरची वाट नवी नाही. दत्तजयंतीला आणि एरवीही पौर्णिमेच्या सुमारास घाट चढून बसगाड्या भरून जातात. भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान, निर्गुण पादुकांचे दर्शन, दुपारची माधुकरी आणि लागलीच परतीचा प्रवास. या धावपळीत चालकाला झोप किती मिळाली, हे मात्र कोणी विचारीत नाही. ३ जून २०२२ रोजी गोव्याहून हैदराबादला निघालेली एक खाजगी बस याच कलबुर्गी जिल्ह्यातील कमलापूरजवळ मालवाहू वाहनाशी टकरून पेटली आणि किमान सात प्रवासी मृत्युमुखी पडले. ते यात्रेकरू नव्हते, सहलीहून घरी परतत होते. पण मुलूख तोच.

अशा प्रसंगी मृतांची गणती होते, जखमी मात्र चार दिवसांत विस्मरणात जातात. महाराजांनी जीव वाचविला, आता कोर्टकचेरी कशाला, असे घरातील वडीलधारेच म्हणतात. मग गाडीमालकाचा माणूस येतो, काही हजार रुपये हाती ठेवतो आणि कागदावर सही घेतो. दत्तमहाराजांचे ऋण मानणे आणि मोडलेल्या पायाची भरपाई मालकाकडून व विमा कंपनीकडून मागणे, यांत विरोध कोठे आहे? विम्याचा हप्ता भरला जातो तो याचसाठी.

अपघात कर्नाटकात झाला म्हणून अफझलपूर वा कलबुर्गीच्या न्यायालयात खेटे घालावे लागतील, ही समजूतही चुकीची आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १६६ व्या कलमानुसार अर्जदार जेथे राहतो वा व्यवसाय करतो, तेथील दावा न्यायाधिकरणाकडेही अर्ज करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. गंभीर दुखापतीसाठी, चूक कोणाची हे सिद्ध न करता, अडीच लाख रुपये मिळण्याची तरतूद १६४ व्या कलमात आहे. मात्र ती रक्कम घाईने स्वीकारणाऱ्याचा १६६ खालील दावा संपुष्टात येतो, हे सही करण्यापूर्वी ध्यानी घ्यावे. डॉक्टरांनी दाखल्यावर लिहिलेली अपंगत्वाची टक्केवारी म्हणजेच कमाईतील तूट, असेही नव्हे. डावा हात गमावलेला कारकून नोकरीत राहू शकेल, सुताराचा संसार मात्र उघड्यावर येईल. हा भेद सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच विशद केला आहे. नारळ पाडणाऱ्या पाडेल्याला किंवा रापण ओढणाऱ्याला तो वेगळा समजावून सांगावयास नको.

आमचा आक्षेप आहे तो मुदतीला. १९९४ च्या दुरुस्तीने दाव्याची कालमर्यादा संसदेने काढून टाकली होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती परत आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांच्या आत अर्ज करण्याचे बंधन आले. ज्याचे मांडीचे हाड मोडले, त्याचे सहा महिने अंथरुणातच जातात. त्यात पोलिसांचे कागद परराज्यातले आणि कानडीत लिहिलेले. पोलिसांनी पाठविलेला अपघात-अहवाल हाच अर्ज समजावा, असेही कायदा म्हणतो. तेवढे चोख झाले तर तक्रारीस जागा उरणार नाही; पण डिसेंबर २०२२ मध्ये पोलिसांना आणि न्यायाधिकरणांना या बाबतीत सविस्तर आदेश देण्याची पाळी सर्वोच्च न्यायालयावर यावी, यातच सारे आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने, केवळ मुदत टळली म्हणून अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश दिला. अंतरिम आदेशाच्या भरवशावर जखमींना किती काळ ठेवणार? केंद्र सरकारने ही मुदत स्वतःहून रद्द करावी. तोवर राज्याच्या विधी सेवा प्राधिकरणाने परराज्यात जखमी झालेल्या गोमंतकीयांसाठी फिर्यादीची नक्कल, पंचनामा आणि गाडीच्या विम्याचा तपशील मागवून घेण्याचे काम अंगावर घ्यावे, आणि कानडी कागदांचा मराठी व इंग्रजी तर्जुमा करणारा एक माणूस नेमावा.