दाबाची किंमत ओळखा



एअर मॉरिशसचे पहिले ए-350 विमान 2017 साली आपल्या बेटावर उतरले. या विमानाच्या वजनापैकी सुमारे 53 टक्के भाग संमिश्र पदार्थांचा आहे. त्यात मुख्य म्हणजे कार्बनचे धागे आणि त्यांना बांधून ठेवणारी इपॉक्सी राळ.

इपॉक्सी आपल्याला परकी नाही. राळ व हार्डनर मिसळून होडीची भेग बुजवता येते, हे किनाऱ्यावरचा कारागीर जाणतो. मग विमान आणि होडी यांच्या कामात फरक तो कोणता? आमच्या मते मोठा फरक दाबाचा आहे.

विमानाचे भाग ऑटोक्लेव्ह नावाच्या बंद भट्टीत पक्के करतात. तेथे उष्णता सुमारे 180 अंश सेल्सिअस आणि दाब हवेच्या सहा-सात पट असतो. एवढ्या दाबाने राळेचा मूळ गुण फारसा बदलत नाही. शेकडो पट दाबाखाली पक्की केली तर मात्र ती अधिक घट्ट होते. भट्टीतला दाब थरांत अडकलेले हवेचे व ओलाव्याचे बुडबुडे चिरडून टाकतो. सोऱ्यात पीठ दाबून भरले नाही तर मध्ये हवा राहते आणि चकली तुटते, हे आपल्या घरच्या बायकांना कोणी शिकवावे लागत नाही. येथेही तसेच आहे. 1978 सालच्या एका आढाव्यानुसार पोकळ्या 1 टक्क्याने वाढल्या की थरांची आपसातील पकड सुमारे 7 टक्क्यांनी घटते. आणि या पोकळ्या वरच्या रंगाखाली दिसत नाहीत.

कोणी म्हणेल, गरीब कोळ्याने अशी भट्टी कोठून आणावी? तिची गरज नाही. ओल्या थरांवर प्लास्टिक पसरून कडा बंद कराव्यात व पंपाने आतली हवा काढावी. मग बाहेरची हवाच दर चौरस मीटरला दहा टनांपर्यंत दाबते. मात्र राळ प्रमाणाबाहेर पिळून निघाली तर धागे कोरडे पडतात. म्हणून हे काम शिकूनच करावयास हवे.

आम्हास वाटते, होड्यांचे काम शिकविणाऱ्यांनी ही रीत तरुणांना अवश्य शिकवावी, आणि होडी दुरुस्तीस देणाऱ्यानेही रंग पाहण्याआधी थर कसे दाबले, हे विचारावे. पंपाचा खर्च एकदाच होतो. प्रवाळाच्या कड्यापलीकडे गेलेली होडी मात्र रोज सुखरूप परतली पाहिजे.