हात लावून बघ

परभणीत वाढलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य कोणतं असेल? माझ्या मते, "हात लावू नको." पाहुण्यांच्या घरच्या शोकेसला, अब्बूंच्या रेडिओला, शाळेतल्या प्रयोगाच्या कपाटाला. आता हेच वाक्य माझ्याही तोंडून आपोआप निघतं, हे मला पहिल्यांदा जाणवलं ते घरापासून फार लांब, दुबईत.

2019 साली आम्ही शारजात राहत होतो. नोकरी दुबईत आणि भाडं परवडतं म्हणून घर शारजात, अशी तिकडे आपल्या अनेक कुटुंबांची रीत असते. तेव्हा तिथे सुट्टी शुक्रवार-शनिवार असायची. एका शनिवारी परभणी, जिंतूर आणि सेलूची अशी आमची तीन कुटुंबं डब्यांत तहरी भरून, मुलांना घेऊन क्रीक पार्कमधली 'चिल्ड्रन्स सिटी' बघायला निघाली. दुबई नगरपालिकेने 2002 मध्ये सुरू केलेलं हे मुलांचं संग्रहालय. बाहेरून मोठ्या रंगीत ठोकळ्यांसारखं दिसतं. आत माणसाचं शरीर, अवकाश, निसर्ग, साधी यंत्रं असं बरंच काही.

आत शिरल्यापासून आम्हा मोठ्यांच्या सूचना सुरू झाल्या. पळू नका. ओरडू नका. हात लावू नका. माझी सात वर्षांची मुलगी कप्पीच्या दोरीजवळ थांबली, तिने हात पुढे केला आणि मी म्हणाले, "नको, मोडेल." तिथल्या मदतनीस मुलीने हसून खूण केली, ओढ. माझ्या मुलीने दोरीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. ती परवानगी मागत होती. संग्रहालयाने केव्हाच दिलेली परवानगी मी अडवून धरली होती.

तेवढ्यात जिंतूरचे भाई पुढे आले. ते तिकडे गॅरेजमध्ये काम करायचे. शाळा नववीत सुटलेली. एरवी चारचौघांत गप्प बसणारे. त्यांनी दोरी हातात घेतली आणि मुलांना सांगितलं, "वर एकच कप्पी असली की वजन तेवढंच लागतं, फक्त ओढायची दिशा बदलते. खाली अजून एक हलती कप्पी घातली की जोर निम्मा लागतो, पण दोरी दुप्पट ओढावी लागते. फुकट काहीच मिळत नाही. गाडीचं इंजिन उतरवताना आम्ही रोज हेच करतो." आमची मुलं जमली, मग दुसऱ्यांचीही जमली. त्यांचा स्वतःचा मुलगा मित्रांना "अब्बू कंपनीत आहेत" एवढंच सांगायचा. तो त्या दिवशी सगळ्यांत पुढे उभा होता.

परतताना गाडीत मी विचार करत होते, की आम्हाला नेमकी कसली भीती वाटत होती? वस्तू मोडण्याची नव्हेच. कुणीतरी बोट दाखवेल, आपल्यालाच टोकेल, याची. परक्या देशात ती भीती समजू शकते. पण ती आम्ही विमानातून नेली नव्हती का? आपल्या मोहल्ल्यातही आई-वडील मुलांना हेच शिकवतात. पुढे जाऊ नको, काही बिघडलं तर पहिलं नाव आपलंच येईल. या काळजीमागे कारणं आहेत, ती मी नाकारत नाही. पण सात वर्षांच्या मुलीला त्यातून एकच धडा मिळतो: जग दुसऱ्यांचं आहे, आपण लांबून बघायचं.

मुलांचं संग्रहालय ही कल्पना नेमकी या धड्याच्या उलट आहे. पहिलं असं संग्रहालय 1899 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये सुरू झालं. 1962 मध्ये मायकेल स्पॉक बोस्टनच्या मुलांच्या संग्रहालयाचे संचालक झाले आणि त्यांनी वस्तू काचेच्या कपाटांतून काढून मुलांच्या हातात दिल्या. आपल्याकडे वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र 1985 पासून हेच करतं आहे. पण परभणीहून मुंबई म्हणजे रात्रभराचा प्रवास, आणि सगळ्यांना तो परवडत नाही.

मग परभणीत काय करायचं? सरकारने संग्रहालय बांधावं ही मागणी जरूर करू. पण तोवर थांबायची गरज नाही, कारण आपले मोहल्लेच वस्तूंनी आणि जाणकारांनी भरलेले आहेत. कल्हईवाले चाचा भांडं तापवून नवसागर फिरवतात, तेव्हा तांब्यावरचा थर निघतो आणि वितळलेलं कथील पातळ पसरून धरतं. हे रसायनशास्त्रच आहे. पिंजाऱ्याच्या धनुकलीची तात थरथरते आणि कापसाचे तंतू मोकळे होतात. सायकल दुरुस्तीचं दुकान, वेल्डिंग, अम्मीचं शिलाई मशीन, सगळीकडे हेच. या कामांना आपण हलकं समजलो आणि त्यांतलं ज्ञान वाया घालवलं.

महिन्यातून एक रविवार, शाळेचा एक हॉल आणि पाच टेबलं. प्रत्येक टेबलावर एक कारागीर. नियम दोनच: प्रत्येक वस्तूला हात लावायचा, आणि मोठ्यांनी उत्तर आधी सांगायचं नाही. मुलींना आणि त्यांच्या अम्मींना मुद्दाम बोलवायचं. शेजारच्या वस्तीतल्या, सगळ्या समाजांतल्या मुलांनाही. पैसे फारसे लागत नाहीत. 2018 मध्ये पद्मश्री मिळालेले अरविंद गुप्ता आगपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांतून विज्ञान शिकवत आले आहेत. त्यांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकंही फुकट आहेत. वर्षातून एकदा रेल्वेने औरंगाबादला जाऊन पाणचक्की दाखवता येईल. लांबून नळांतून आणलेलं पाणी जातं कसं फिरवायचं, हे मुलांना तिथेच विचारू द्यायचं.

काहीजण म्हणतील, नीटच्या परीक्षेच्या काळात हे खेळ कशाला? नांदेड-लातूरच्या क्लासची फी आपण पोटाला चिमटा काढून भरतो, ती भरूच. पण ज्या मुलाने दहा वर्षं एकही प्रश्न विचारला नाही, तो क्लासमध्ये फक्त उत्तरं पाठ करेल.

तुमच्यापैकी कुणी शिक्षक असेल, कुणी डिप्लोमा करत असेल, कुणी गॅरेजमध्ये असेल. पहिल्या रविवारी पाच टेबलं जमली नाहीत तरी चालेल. एक जुनी सायकल उलटी करून ठेवा आणि मुलांना जवळ येऊ द्या.