शाल-श्रीफळ परत घ्या

माझे बासरीचे सर माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहेत. तरी मी त्यांना सरच म्हणतो. मागच्या दिवाळीत ऑफिसच्या कार्यक्रमाला मीच त्यांना बोलावलं. एचआरचं म्हणणं, "वीस मिनिटं तर वाजवायचंय, पैसे कसले? एवढे लोक बघतील, एक्स्पोजर मिळेल." आणि मी बावळटासारखा तो निरोप जसाच्या तसा पोचवला. सर आले, सुंदर वाजवलं, शाल, नारळ आणि कंपनीचा मग घेऊन गेले. तबलजीचे पैसे त्यांनी स्वतःच्या खिशातून दिले, हे मला नंतर कळलं. डीजेचं बिल मात्र कुणीही हूं की चूं न करता मंजूर केलं होतं.

'मानधन' हा शब्दच मला आता संशयास्पद वाटतो. त्यातला मान देऊन टाकला की धन विसरायची सोय होते.

वीस मिनिटांचे पैसे कसले? पांढरी तीनची बासरी जवळपास अडीच फूट लांब. वाजवायची भोकं सहा, ना चावी ना पडदा. कोमल गंधार हवा तर भोक अर्धंच झाकायचं, आणि 'अर्धं' म्हणजे किती हे कानानं ठरवायचं. हे बोटांत बसायला वर्षं जातात. आमच्या धंद्यात सहा महिन्यांचा कोर्स केलेला मुलगा पॅकेजवर घासाघीस करतो. करावीच. मग दहा वर्षं फुंकलेल्या माणसानं आकडा सांगितला की तो 'कमर्शियल' कसा होतो?

कला पोटासाठी नसते म्हणे. पन्नालाल घोषांनी १९४२च्या 'बसंत'ला संगीत दिलं. हरिप्रसाद चौरसिया आधी स्टेनोग्राफी शिकले, १९५७ मध्ये कटकच्या आकाशवाणीत नोकरीला लागले, पुढे मुंबईत सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवत राहिले. अन्नपूर्णादेवींकडची कठोर तालीम झाली ती या मुंबईच्या काळातच. म्हणजे ज्यांचे फोटो आपण स्टेटसला ठेवतो, त्यांची चूल कुणीतरी पगार आणि बिदागी देऊन पेटती ठेवली होती. आज स्टुडिओतलं बरंच काम सॅम्पलवर भागतं. बासरीवाल्याला महिन्याचा पगार देणारी नोकरी तुम्हीच शोधून दाखवा.

उरल्या शिकवण्या. त्यावरही नाक मुरडणारे आहेतच: मैफली मिळत नाहीत म्हणून क्लास घेतो! सर पहाटे साडेपाचला अमेरिकेतल्या मुलांना झूमवर शिकवतात. ही वेळ खरं तर त्यांच्या स्वतःच्या खर्जाच्या रियाजाची. शिवाय झूमला वाटतं, सलग एकच आवाज येतोय म्हणजे पंखा असणार, की लगेच तो दाबायचा. लांब लावलेला षड्ज मधेच गायब! 'ओरिजिनल साउंड' चालू करा, हे दर मुलाला नव्यानं सांगण्यात दहा मिनिटं जातात. आवाज पोचायला उशीर होतो, त्यामुळे दोघांनी एकत्र वाजवणं अशक्यच. एक वाजवतो, दुसरा थांबतो. समोर बसवून शिकवण्याच्या दुप्पट मेहनत, आणि फी मात्र 'ऑनलाइनच तर आहे' म्हणून कमी.

मीही धुतल्या तांदळासारखा नाही. रिलीजच्या गडबडीत दोन क्लास बुडवले आणि सरांना मेसेज टाकला, 'या महिन्यात अर्धेच पाठवू का?' ते 'चालेल' म्हणाले. जिमचे वर्षाचे पैसे आगाऊ भरून मी तिथे तीनदा गेलोय. तिथे अर्धे परत मागायची माझी टाप नाही. नाही म्हणायची सवय नसलेल्या माणसाशीच आपण घासाघीस करतो.

या वर्षीचा मेल परवा आला: 'तुझे ते बासरीवाले सर येतील का?' मी सरांना विचारून त्यांचा आकडा लिहिला, तबलजीचा वेगळा, साउंडचा वेगळा, आणि निम्मे आगाऊ. उत्तर अजून आलेलं नाही. डीजे बुक झालाय.