वायूच्या नळांचा कारभारी

आमच्या एका स्नेह्यांचे चिरंजीव इंधनवायूच्या नळांवर स्वयंचलित नियंत्रणाचीं यंत्रें बसविणाऱ्या एका कंपनींत मोठ्या हुद्द्यावर आहेत. अशा कामांची धुरा वाहणारा प्रॉजेक्ट मॅनेजर, म्हणजे आपल्या बोलींत कामाचा मुखत्यार कारभारी, त्यांस नेमावयाचा आहे. जाहिरातीचा मसुदा त्यांनीं आम्हांस सहज दाखविला. पदवी, अनुभव, संगणकाचें ज्ञान, काम मुदतींत व अंदाजपत्रकाच्या आंत उरकण्याची हातोटी, सर्व कांहीं त्यांत होतें. तरी वाचून आमचें समाधान झालें नाहीं.

त्यास कारण आहे. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स संस्थानांत लॉरेन्स, अँडोव्हर व नॉर्थ अँडोव्हर अशीं लगतचीं गांवें आहेत. १३ सप्टेंबर २०१८ रोजीं तेथें जुना बिडाचा नळ काढून प्लास्टिकचा नवा नळ चालू करण्याचें काम चाललें होतें. घरोघरच्या शेगड्यांस वायु फार मंद दाबानें, दर चौरस इंचास अवघ्या अर्ध्या पौंडानें, द्यावा लागतो. तो दाब नियामक नांवाचें यंत्र आपोआप राखतें. नळांतील दाब त्यास एका बारीक नळीवाटे कळतो. दाब उतरला कीं तें झडप उघडतें, चढला कीं मिटतें. दुधावर लक्ष ठेवणाऱ्या आजीबाईच म्हणाना! पण आजीबाईंस भलत्याच चुलीसमोर बसविलें तर दूध उतूं जाणारच. तेथें तसेंच झालें. दाब कळविणाऱ्या नळ्या जुन्याच नळास जोडलेल्या राहिल्या. तो नळ तोडतांच त्यांतील दाब घसरला, आणि बिचाऱ्या यंत्रानें झडपा पुरत्या उघडल्या. घरोघर आगी लागल्या, स्फोट झाले. १३१ इमारतींस हानि पोंचली व अठरा वर्षांचा एक मुलगा प्राणास मुकला.

यंत्र बिघडलें नव्हतें, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशींत दोष निघाला तो कामाच्या आराखड्यांत. त्यांत त्या नळ्यांचा विचारच नव्हता, आणि परवानाधारक अभियंत्यानें तो तपासावा अशी सक्तीहि त्या वेळीं नव्हती. देखरेखीचें केंद्र दूर ओहायओंतील कोलंबस शहरीं. तेथें धोक्याची सूचना आली खरी, परंतु तेथून झडप मिटण्याची सोय नव्हती.

म्हणून आम्हीं चिरंजीवांस सुचविलें, उमेदवारापुढें असा एखादा नकाशा ठेवा आणि तो प्रथम काय विचारतो तें पाहा. काम केव्हां संपवावयाचें, हें विचारतो, कीं कोणती नळी कोठें जोडली आहे व ती जागेवर जाऊन कोणीं पाहिली, हें? चालू काम त्यानें स्वतः कधीं थांबविलें आहे काय, तेंहि विचारा.

“काका, असा मनुष्य काम लांबवितो, आणि दंड आम्हांस भरावा लागतो,” असें ते म्हणाले. हें खोटें नाहीं. मुदत चुकल्याचा दंड हिशेबांत दिसतो, न झालेला स्फोट दिसत नाहीं. बराच वेळ वाद झाला. अखेरीस त्यांनीं मसुद्याच्या समासांत एक ओळ लिहिली : काम थांबविण्याचा लेखी अधिकार या अधिकाऱ्यास राहील. मसुदा सध्यां त्यांच्या मालकांकडे आहे.